पेटी घेऊन सिंफनी ऐका

सिंफनीच्या पहिल्या मूव्हमेंटची, म्हणजे पहिल्या स्वतंत्र भागाची, रचना उलगडायची असेल तर ऐकताना एकच प्रश्न धरून ठेवा: या क्षणी सा कुठे आहे? कोणतं वाद्य वाजतंय, भाव कोणता, संगीतकाराच्या मनात काय होतं, हे सगळे प्रश्न नंतरचे. आपल्या ख्यालात तंबोरा एकदा जुळला की मैफल संपेपर्यंत षड्ज जागचा हलत नाही. सगळी हालचाल त्याच्याभोवती होते. सिंफनीत षड्जच प्रवासाला निघतो. तो कुठून निघाला, कुठे थांबला, कोणत्या वाटेनं परतला, हे ज्याला कानानं सांगता आलं त्याला रचना कळली. बाकीचा तपशील त्या वाटेवर आपोआप बसत जातो.

यासाठी पियानो लागत नाही. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आपल्या कसमादे पट्ट्यात गावोगाव भजनी मंडळं आहेत, आणि मंडळ तिथे पेटी. पेटी आणि मोबाइल एवढ्या साहित्यावर एका मोठ्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट सोडवता येते. मी देवळ्यात राहून तसंच करतो आणि संगीत शिकणाऱ्या मुलांनाही तसंच करायला सांगतो. स्टाफ नोटेशन येत असेल तर उत्तमच, येत नसेल तर अडून बसू नका.

हे संगीत आपल्याला वाटतं तितकं अनोळखीही नाही. 1961 च्या ‘छाया’ चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचं जे द्वंद्वगीत गाजलं, त्याचा मुखडा सलील चौधरींनी मोत्सार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या पहिल्या मूव्हमेंटवरून बांधला होता. म्हणजे ती थीम आपल्या आईवडिलांच्या पिढीलाही गुणगुणता येते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक होते. त्यांच्यापैकी माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत स्क्रिंझी या इटालियन संगीतकाराकडे पाश्चात्त्य संगीताचा रीतसर अभ्यास केला होता. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. त्यांचा मुलगा झुबिन, जन्म मुंबईचा, 1936 चा, 1954 साली हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिकायला व्हिएन्नाला गेला आणि जगातल्या पहिल्या रांगेतला वाद्यवृंद-संचालक झाला. ही वाट आपल्याच लोकांनी मळलेली आहे. आणि लग्नसराईत दारावरून जाणाऱ्या बँडनं क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटचे आवाज आपल्या कानाला लहानपणापासून ओळखीचे करून दिलेत, तेही कमी नाही.

आता एक कृती निवडू. रोमँटिक काळातल्या सिंफन्या पुष्कळ आहेत, पण सुरुवात शुबर्टच्या ‘अपूर्ण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बी मायनरमधल्या सिंफनीपासून करा. मी हीच का सुचवतो? पहिली मूव्हमेंट लांबलचक नाही. पुनरावृत्ती धरली तर साधारण चौदा-पंधरा मिनिटं, सोडली तर अकरा-बारा. थीम मोजक्या आहेत आणि एकदा ऐकल्या की लक्षात राहतात. षड्जाचा प्रवास स्पष्ट ऐकू येतो, आणि तो प्रवास नेहमीच्या वाटेनं होत नाही, म्हणून विश्लेषण करायला काहीतरी हाती लागतं.

शुबर्टनं स्वहस्ते लिहिलेल्या प्रतीवर 30 ऑक्टोबर 1822 ही तारीख आहे. दोन मूव्हमेंट पूर्ण झाल्या, तिसरीचा आराखडा आणि वाद्यवृंदासाठी मांडलेली थोडी पानं राहिली, आणि पुढे काम थांबलं. 1828 साली एकतिसाव्या वर्षी शुबर्ट गेला. हस्तलिखित आन्सेल्म ह्युटेनब्रेनर या मित्राकडे पडून होतं. योहान हेर्बेकनं ते मिळवलं आणि 17 डिसेंबर 1865 रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवलं. लिहिल्यापासून त्रेचाळीस वर्षांनी. संगीतकाराला स्वतःची ही रचना वाद्यवृंदाकडून कधीच ऐकायला मिळाली नाही, ही गोष्ट मला दर वेळी अस्वस्थ करते. पण विश्लेषण करताना ती बाजूला ठेवा. शुबर्टचा आजार, त्याचं दारिद्र्य, लवकर आलेला मृत्यू हे सगळं या सुरांत शोधायचा मोह होतो, आणि मग कान बंद होतात.

तयारीचं सांगतो. पेटीच्या पट्ट्या आपण ज्या नावांनी ओळखतो तीच नावं इथे पुरतात. बी म्हणजे पांढरी सात, सी पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, जी पांढरी पाच. शुबर्टची ही मूव्हमेंट पांढरी सातवर सुरू होते, कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद अशा स्वरांत. मेजर म्हटलं की बिलावलसारखे शुद्ध स्वर समजा, मायनर म्हटलं की ढोबळमानानं आसावरी थाटाचे. मायनरमध्ये शुद्ध निषाद मात्र वरचेवर येतो, विशेषतः वाक्य षड्जावर टेकायच्या आधी. थाटाचा हा उल्लेख फक्त स्वर ओळखण्यापुरता. इथे आसावरी रागाचं चलन शोधू नका, वादी-संवादी शोधू नका. राग पकडायच्या नादात कित्येक चांगले कानसेन सिंफनीपाशी अडखळतात.

ध्वनिमुद्रण आधुनिक वाद्यवृंदाचं घ्या. जुन्या काळच्या वाद्यांवर वाजवणारे काही चमू सूर मुद्दाम खाली, 430 हर्ट्झच्या आसपास लावतात, मग आपली पेटी जुळत नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर कार्लोस क्लायबरनं केलेलं मुद्रण मला फार आवडतं. त्यात ताण कुठेच ढिला पडत नाही. पेटी किंचित कमी-जास्त वाटली तर हरकत नाही, आपल्याला पट्टी ओळखायची आहे, सूर मिळवून साथ करायची नाही. स्वरलेखनाची छापील प्रत स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि इंटरनेटवर मोफत मिळते. वाचता येत नसली तरी उतरवून घ्या, कारण तिच्यातले बारचे क्रमांक उपयोगी पडतात. बार म्हणजे इथे तीन मात्रांचा एक खंड. या मूव्हमेंटमध्ये असे 368 बार आहेत.

पहिल्यांदा ऐकताना पेन हातात घेऊ नका. सलग ऐका आणि दोनच गोष्टी मनात टिपा: आवाज एकदम कुठे कोसळला, आणि आवाज एकदम कुठे थांबला. या मूव्हमेंटमध्ये एक जागा अशी आहे की गोड चाललेलं गाणं वाक्याच्या मध्येच तुटतं, पूर्ण वाद्यवृंद गप्प होतो, आणि पुढच्या क्षणाला प्रचंड आघात होतो. ती जागा नुसत्या कानानं सापडली म्हणजे विश्लेषणाची पहिली खूण तुम्ही स्वतः रोवलीत.

दुसऱ्यांदा ऐकताना पेटी जवळ घ्या. रीत साधी आहे. मुद्रण चालू असताना पेटीवर सा-प हळू आवाजात धरा. वाक्य जिथे टेकतं, श्वास घेतं, तिथे तुमचा सा-प त्यात विरघळला तर षड्ज बरोबर आहे. खटकला तर षड्ज हललेला आहे. मग एकेक पट्टी धरून पाहा. वाक्य चालू असताना तपासू नका, कारण मध्ये कितीतरी स्वर तुमच्या सा-पशी भांडतील आणि तुम्ही गोंधळाल. टेकण्याची जागा महत्त्वाची. ख्यालात समेवर कान ठेवायची आपल्याला सवय असते. तीच सवय इथे वाक्याच्या शेवटाकडे वळवा.

आता मूव्हमेंटमध्ये शिरू. सुरुवातीला चेलो आणि डबल बास, अगदी हळू, एकाच सुरावटीत. सा, रे, कोमल ग असं वर चढतं, मग खाली उतरत जातं आणि पंचमावर येऊन थांबतं. आठ बार. साथ नाही, तालाचा ठोका नाही. बहुतेक जण ही प्रस्तावना समजून सोडून देतात. तुम्ही सोडू नका. वहीत हिला ‘तळाचं वाक्य’ असं नाव द्या, कारण पुढची निम्मी गोष्ट हिच्यावर उभी आहे.

नवव्या बारपासून व्हायोलिनची थरथर सुरू होते, खाली डबल बासचे तोडलेले सूर, आणि तेराव्या बारला ओबो आणि क्लॅरिनेट मिळून पहिली थीम गातात. दोन वेगळ्या जातीची वाद्यं एकाच सुरावर ठेवल्यामुळे आवाजाला जो रंग येतो तो दोघांपैकी कुणाचाच नसतो. इथे सा-प पांढरी सातवर धरून पाहा, बसेल. थीम वाढत जाते, मोठी होते आणि पांढरी सातवर ठामपणे टेकते.

यानंतर या मूव्हमेंटमधली माझी सगळ्यात आवडती जागा येते. वाद्यवृंद टेकतो आणि हॉर्न आणि बसून ही दोन फुंकवाद्यं एकच स्वर लांब धरतात: पांढरी दोन. बाकी सगळे थांबलेले. चारेक बारच्या त्या अवधीत षड्ज बदलतो. पेटीवर हे स्वतः करून पाहा. उजव्या हातानं पांढरी दोन धरा आणि सोडू नका. डाव्या हातानं आधी मंद्रातली पांढरी सात दाबा: पांढरी दोन कोमल गंधार वाटेल, उदास. आता पांढरी सात सोडून मंद्रातली पांढरी पाच दाबा: तीच पट्टी, तोच स्वर, पण आता तो पंचम झाला, आणि खोलीतला सगळा प्रकाश बदलल्यासारखं वाटतं. शुबर्टनं एवढंच केलं. दुसरा संगीतकार इथे वीस-पंचवीस बारांचा पूल बांधतो, पायरी पायरीनं नव्या षड्जाकडे नेतो. शुबर्ट एक स्वर धरतो आणि त्याच्या खालची जमीन बदलतो. आपल्याकडे मूर्च्छना समजावताना हीच गोष्ट शिक्षक करून दाखवतात, म्हणून संगीताच्या विद्यार्थ्याला ही जागा पटकन उमगते.

चव्वेचाळिसाव्या बारला चेलो दुसरी थीम गातात, पांढरी पाचवर, शुद्ध स्वरांत. सा वरून मंद्र पंचमाला जाऊन पुन्हा सा, अशी तिची उठावण. साथीला क्लॅरिनेट आणि व्हायोला. त्यांचे आघात मात्रेवर न पडता मात्रांच्या मधे पडतात. ही साथ थीमइतकीच नीट ऐकून ठेवा, टाळी देऊन पाठ करा. पुढे तिला स्वतंत्र काम आहे. चेलोनंतर व्हायोलिन तीच थीम वरच्या सप्तकात घेतात आणि बासष्टाव्या बारला सगळं तुटतं. पूर्ण एक बार शांतता. मग पांढरी एकवर, मायनरमध्ये, सगळा वाद्यवृंद कोसळतो. पहिल्यांदा ऐकताना तुम्ही टिपलेली जागा ती हीच. त्यानंतर दुसऱ्या थीमचे तुकडे इकडून तिकडे फेकले जातात, ताण वाढतो, आणि अखेर पांढरी पाच पुन्हा हाती येते.

या पहिल्या भागाला एक्स्पोझिशन म्हणतात. तो संपल्यावर नवख्या श्रोत्याची हमखास फसगत होते, म्हणून एक खूण देतो. तळाचं वाक्य पुन्हा ऐकू येईल. ते पांढरी सातवर असेल तर वाद्यवृंद पहिला भाग परत वाजवतो आहे, संगीतकारानं तशी सूचना लिहिलेली आहे. ते पांढरी तीनवर असेल तर तुम्ही पुढच्या भागात, डेव्हलपमेंटमध्ये, पोचलात. घड्याळ पाहायची गरज नाही, पट्टीच सांगते.

इथे थांबून नेहमीची वाट कोणती हे पाहिलं पाहिजे, नाहीतर शुबर्टनं वेगळं काय केलं ते कळणार नाही. मायनरमध्ये सुरू झालेल्या मूव्हमेंटमध्ये दुसरी थीम बहुतेक वेळा कोमल गंधाराला षड्ज करून येते, मेजरमध्ये. मोत्सार्टची चाळिसावी पांढरी पाचवर सुरू होते आणि दुसरी थीम काळी पाचवर जाते. बेथोव्हेनची पाचवी पांढरी एकवरून काळी दोनवर. दोन्हीकडे तोच हिशेब. शेवटच्या भागात, म्हणजे रिकॅपिट्युलेशनमध्ये, दोन्ही थीम मूळ षड्जावर येतात आणि भांडण मिटतं; मोत्सार्ट दुसरी थीम मायनर करून घरी आणतो, बेथोव्हेन मेजरमध्येच ठेवून पांढरी एकवर आणतो. या हिशेबानं शुबर्टची दुसरी थीम पांढरी दोनवर यायला हवी होती. हॉर्न आणि बसूननी धरलेला स्वरही नेमका तोच होता. कान पांढरी दोनची वाट पाहत असताना शुबर्ट तिला नुसता खांब म्हणून वापरतो आणि कोमल धैवताला, पांढरी पाचला, षड्ज करतो. ही पहिली नोंद वहीत ठळक लिहा.

डेव्हलपमेंट तळाच्या वाक्यानं सुरू होते, पांढरी तीनवर, मायनरमध्ये, पुन्हा चेलो आणि डबल बास. पण यावेळी वाक्य पंचमावर थांबत नाही, खोल उतरत जातं. खालचे सूर धरून ठेवतात, वर व्हायोलिन एकमेकांच्या मागोमाग चढत जातात, आवाज वाढत वाढत फुटतो. या भागात प्रत्येक वळणाला षड्ज पकडायचा प्रयत्न करू नका. तो मुद्दाम अस्थिर ठेवलेला आहे, आणि ‘इथे षड्ज टिकत नाही’ हीच नोंद पुरेशी. त्याऐवजी ऐकायचं ते कोणतं साहित्य वापरलंय ते. एका उद्रेकानंतर आवाज एकदम शांत होतो आणि तुम्ही पाठ केलेली ती मात्रांमधली साथ ऐकू येते. थीम येणार म्हणून कान सरसावतात. थीम येत नाही. पुन्हा उद्रेक, पुन्हा साथ, पुन्हा थीम नाही. असं लागोपाठ घडतं. ती गोड सुरावट या संपूर्ण भागात एकदाही येत नाही, फक्त तिची रिकामी जागा दाखवली जाते. त्यानंतर तळाचं वाक्य पूर्ण वाद्यवृंद, ट्रॉम्बोनसकट, पांढरी तीनवर गर्जून म्हणतो. सुरुवातीला जे कुजबुजत आलं होतं ते इथे सगळ्यांवर मात करतं. प्रस्तावना समजून ज्यांनी ते आठ बार सोडून दिले, त्यांना हा भाग नुसता गोंगाट वाटतो.

दोनशे अठराव्या बारला मूळ घर, पांढरी सात. पण दाराशी तळाचं वाक्य नाही. थेट व्हायोलिनची थरथर आणि ओबो-क्लॅरिनेटची थीम. ज्या वाक्यानं इतका वेळ राज्य केलं ते परतीच्या क्षणी गायब आहे. याचीही नोंद करा. पुढे वाट थोडी बदलते आणि दुसरी थीम येते पांढरी दोनवर. म्हणजे एक्स्पोझिशनमध्ये जिथे यायला हवी होती तिथे ती आत्ता येते, आणि आत्ता जिथे यायला हवी, पांढरी सातवर, तिथे नाही. शांतता आणि आघात पुन्हा होतात, आणि मग कुठे संगीत पांढरी सातवर पोचतं, काही काळ शुद्ध गंधारासह, मेजरमध्ये. हा उजेड टिकेल असं वाटतं. टिकत नाही. कोडा म्हणजे शेवटचा भाग सुरू होतो आणि इतका वेळ दडवून ठेवलेलं तळाचं वाक्य परत येतं, पांढरी सातवर, कोमल गंधारासह. शेवट शेवटपर्यंत त्याचे पहिले तीन स्वर, सा, रे, कोमल ग, पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

माझ्या मते या मूव्हमेंटचा गाभा इथे आहे. वरवर पाहता दोन थीमची गोष्ट, प्रत्यक्षात सूत्र हलवणारं तिसरंच वाक्य, आणि त्याच्या येण्या-न येण्यावर सगळा तोल. रोमँटिक काळाचा वेगळेपणा शोधायचा तर या रचनेतच तीन जागी सापडतो: थीम गाण्यासारख्या लांब आणि स्वयंपूर्ण आहेत, त्यामुळे तुटल्यावर जखम होते, षड्ज पंचमाकडे किंवा ठरलेल्या कोमल गंधाराकडे न जाता अनपेक्षित पट्टीकडे वळतो, आणि अंतिम निकाल रिकॅपिट्युलेशनमध्ये न लागता कोडापर्यंत लांबतो. ‘भावनाप्रधान संगीत’ एवढं लिहून थांबू नका, तसं मोत्सार्टबद्दलही म्हणता येतं.

आराखड्याबद्दल एक इशारा. एक्स्पोझिशन, डेव्हलपमेंट, रिकॅपिट्युलेशन या तीन कप्प्यांच्या रूपाला सोनाटा फॉर्म म्हणतात, पण त्याचं नाव घेऊन केलेलं सविस्तर वर्णन ए. बी. मार्क्स या जर्मन अभ्यासकानं 1845 च्या सुमारास आपल्या ग्रंथात रूढ केलं. तोवर मोत्सार्ट, बेथोव्हेन, शुबर्ट तिघेही जाऊन बराच काळ लोटला होता. त्यांनी तक्ता समोर ठेवून संगीत लिहिलं नाही. म्हणून एखादी जागा तक्त्यात बसत नसेल तर ‘नियम मोडला’ असं लिहू नका. ती जागा कानाला काय करते ते लिहा. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला ही चूक सगळ्यात जास्त दिसते: कप्प्यांची नावं अचूक, बारचे क्रमांक अचूक, आणि संगीताबद्दल एक अक्षर नाही. याच्या उलट टोकाची वहीही भेटते, जिच्यात वादळ, विरह, नियती सगळं असतं आणि पट्टी एकही नसते. दोन्ही अर्धवट.

मग लिहायचं कसं? प्रत्येक दाव्यामागे ऐकू येणारी एक गोष्ट ठेवा. ‘दुसरी थीम दिलासा देते’ असं नुसतं लिहिण्यापेक्षा असं लिहा: ‘पांढरी दोन हा एकच स्वर धरून ठेवलेला असताना खालचा षड्ज पांढरी सातवरून पांढरी पाचवर सरकतो, कोमल गंधाराचा पंचम होतो, आणि चेलो शुद्ध स्वरांत गाऊ लागतात, त्यामुळे बदल झाला हे कळायच्या आधीच तो पूर्ण झालेला असतो.’ वाक्य लांबलं, पण वाचणारा ते पेटीवर पडताळून पाहू शकतो. पडताळता येतं ते विश्लेषण. मिनिट-सेकंदांचे आकडे मात्र देऊ नका. प्रत्येक संचालकाची लय वेगळी, पुनरावृत्ती कुणी घेतो कुणी नाही, तुमचा आकडा दुसऱ्याच्या मुद्रणात चुकणार. बारचा क्रमांक सगळीकडे तोच राहतो.

आणि लिहून झाल्यावर दुसऱ्या एखाद्या संचालकाचं मुद्रण ऐका. कुणी ती एका बारची शांतता पूर्ण पाळतो, कुणी घाईनं पुढे जातो. कुणी तळाचं वाक्य ऐकूच येणार नाही इतकं हळू ठेवतो. रचना समजल्यावरच या फरकांना अर्थ येतो आणि ‘चांगलं वाजवलं’ म्हणजे नेमकं काय ते बोलता येतं.

शुबर्ट पचला की मागे वळून मोत्सार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट याच रीतीनं सोडवा. मुखडा तुमच्या ओळखीचा आहे, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे. मग पुढे चायकोव्हस्कीची चौथी, 1877-78 मधली. ती लांब आहे, गुंतागुंतीची आहे, पण पट्ट्यांचा हिशेब पाहून थक्क व्हाल. पांढरी चारवर मायनरमध्ये सुरू, पुढची थीम काळी चारवर, त्यापुढची पांढरी सातवर, रिकॅपिट्युलेशनमध्ये पांढरी दोन, आणि मग पुन्हा पांढरी चार. पेटीवर बोटं ठेवून मोजा: दर वेळी काळ्या-पांढऱ्या मिळून तीनच पट्ट्या वर, आणि चार उड्यांत सप्तक पूर्ण. या प्रवासाच्या सीमांवर सुरुवातीची तुतारीसारखी ललकार येते, ती खूण म्हणून वापरा. घाई करू नका. शुबर्टची वही पूर्ण झाल्याशिवाय चायकोव्हस्कीला हात लावला तर निराशा पदरी येईल.

मुंबईला जाणं होत असेल तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये 2006 साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम पाहून ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर डबल बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि शुबर्टचं तळाचं वाक्य तर त्यांच्याच हाती आहे. घरी ऐकायचं असेल तर निदान साधा हेडफोन वापरा.

देवळा, कळवण, सटाणा भागातल्या संगीतशिक्षकांना माझी विनंती आहे. वर्षातून एक तास या मूव्हमेंटला द्या. नोटेशन, चरित्र, इतिहास काहीही आधी सांगू नका. एका मुलाला पेटीवर सा-प धरायला बसवा, मुद्रण लावा, आणि षड्ज बदलला असं ज्याला वाटेल त्यानं हात वर करायचा एवढंच सांगा. हॉर्न आणि बसून तो एक स्वर धरतील तेव्हा वर्गात किती हात वर जातात ते पाहा, आणि पुढचं शिकवणं तिथून सुरू करा.